हनुवटीखालचा व्रण

साडेआठ वर्षांची ती मुलगी आई आणि आजीबरोबर माझ्या कराडच्या दवाखान्यात आली, ती सुळ्याच्या तक्रारीसाठी. "मॅडम, हिच्या चुलतभावाचे सुळे आले, हिचे अजून हलतसुद्धा नाहीत," असे आईचे म्हणणे होते. वरचा कायमचा सुळा साधारण ११ ते १२ व्या वर्षी येतो. तेवढ्यासाठी मुलीचा एक्स-रे काढण्याचे कारण नव्हते आणि मी तसे सांगितलेही. मात्र निघताना तिला तोंड पूर्ण उघडायला लावले, तेव्हा हनुवटी सरळ खाली न जाता शेवटी शेवटी डावीकडे सरकली. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच झाले.

मग मात्र ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढायचे ठरवले. शेजारच्या सेंटरवर मी स्वतः बरोबर गेले, कारण मुलांच्या ओपीजीत खरी कसोटी डोके सरळ ठेवण्याची असते. पुढच्या दातांनी प्लॅस्टिकच्या दांडीवरची खाच धरायची, जीभ टाळूला लावायची आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरून येईपर्यंत पंधराएक सेकंद हलायचे नाही. तिने डोळे घट्ट मिटले, पण मान ढळू दिली नाही.

पडद्यावर दात वयाला साजेसे होते. सुळे हाडात योग्य दिशेने वाढत होते आणि खालच्या दुसऱ्या दाढेचा मुकुट पूर्ण होऊन मूळ नुकते धरू लागले होते. माझी नजर खिळली ती दोन्ही टोकांना. उजव्या बाजूचा काँडाइल, म्हणजे जबड्याच्या सांध्यातला गोलसर उंचवटा, उंच आणि गुळगुळीत होता. डावा आखूड, चपटा आणि पुढे झुकलेला. डाव्या कोनापुढे, म्हणजे कानाखाली जबडा वळतो त्याच्या पुढे, जबड्याच्या खालच्या कडेला खोल खाच पडली होती. सांध्याच्या टोकापासून कोनापर्यंत उजवीकडे ५० मिलिमीटर भरले, डावीकडे ४३.

ओपीजीत प्रतिमा मोठी दिसते, म्हणून या आकड्यांना प्रत्यक्ष लांबी मानता येत नाही. दोन्ही बाजूंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून येणारी टक्केवारी पाहतात आणि ती ३ पर्यंत असेल तर डोके किंचित सरकल्याचाही परिणाम असू शकतो. इथे ती साडेसात आली. तरीही मी लगेच विश्वास ठेवला नाही. डोके वळलेले असते तर एका बाजूच्या दाढा रुंद आणि दुसऱ्या बाजूच्या अरुंद दिसल्या असत्या. पहिल्या कायमच्या दाढा मोजल्या, तर दोन्हीकडे रुंदी जवळजवळ सारखीच होती. फरक जबड्यातच होता.

"ही कधी हनुवटीवर पडली होती का?" असे विचारताच आजींनी नातीची मान वर केली. हनुवटीखाली पांढरट, बोटाच्या पेराएवढा व्रण होता. "तीन वर्षांची असताना ओट्यावरून पडली बाई. तीन टाके घातले होते," त्या म्हणाल्या. तेव्हा टाके घालून मुलीला घरी पाठवले गेले, सांधा कोणी तपासला नाही. हनुवटीवर बसलेला मार सरळ काँडाइलपर्यंत पोहोचतो. या वयात ते हाड बहुतेक वेळा आपोआप सावरते, पण प्रत्येक वेळी नाही. आणि मग त्या बाजूची वाढ मागे पडते. मला जास्त लागले ते वेगळेच: दोन वर्षांपूर्वी याच मुलीची किडलेली दाढ मी भरली होती, तेव्हा हनुवटीकडे पाहिलेच नव्हते.

सांधा आखडलेला नव्हता, तोंड तीन बोटे उघडत होते, त्यामुळे वाढीच्या वयाचा उपयोग करून घेता येणार होता. जबड्याच्या शल्यचिकित्सकांचे मत घेतले आणि ऑर्थोडोंटिस्टनी, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरांनी, खालचा जबडा मध्यरेषेवर आणणारी, काढता-घालता येणारी प्लेट दिली. आई मात्र पुन्हा पुन्हा विचारत होती, "म्हणजे सुळ्याचं काहीच नाही ना?"

वर्षभरानंतरच्या ओपीजीत टक्केवारी साडेपाचवर आली आहे. पुढचा फोटो एवढ्यात काढणार नाही. दर तीन महिन्यांनी ती येते, आरशासमोर तोंड उघडते आणि मी पट्टी धरून हनुवटी किती सरकते ते मोजते.