टायमर म्हणजे बाबांचा हात

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतोय त्याला आता 14 वर्षं झाली. कागदावर शिल्प निदेशक, पोरांसाठी नुसते सर. दर बॅचला वाटतं की आता पोरं ओळखता यायला लागली, आणि दर बॅचमध्ये कोणीतरी निघतंच जे आपल्याला तोंडावर पाडतं. मागच्या बॅचला दोघं निघाले, तेही एकाच दिवशी.

सेकंड इयरची 20 जणांची बॅच, महिना फेब्रुवारी, जॉब स्टार-डेल्टा स्टार्टरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मोठी मोटर डायरेक्ट चालू केली तर सुरुवातीला फुल लोडच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून आधी वाइंडिंग स्टारमध्ये जोडायची, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगला 415 व्होल्टऐवजी 240 च मिळतात आणि लाइनचा करंट डायरेक्टच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मग मोटरने स्पीड घेतला की डेल्टा, म्हणजे वाइंडिंगला पूर्ण 415. तीन कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की लागणारे मोठे स्विच), एक टायमर, एक ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा). ऐकायला सोपं आहे पण कंट्रोल वायरिंग करताना भल्याभल्यांची गडबड होते.

आता ते दोघं. एक मुलगी, जिचं जर्नल मी दरवर्षी नवीन बॅचला दाखवायचो, कारण असं जर्नल मी दुसरं पाहिलं नाही. स्केलने मारलेल्या रेषा, फेजनुसार लाल पिवळा निळा पेन, महत्त्वाच्या ओळीवर हायलायटर. निमीचं, म्हणजे आयटीआयचं नेहमीचं, पुस्तक तिने तीन वेळा वाचलेलं. आणि दुसरा एक मुलगा, शेतकऱ्याचा, रोज एसटीने 30 किलोमीटरवरून यायचा, जर्नल कायम अपूर्ण, युनिट टेस्टला 25 पैकी 6. पण पक्कड हातात दिली की बघत राहावं असं काम. पॉवर वायरिंग तर तो गप्पा मारत करायचा.

मी या दोघांना मनात कधीच शिक्के मारून ठेवले होते. त्याला कारण होतं एक ट्रेनिंग, तिथे आम्हाला व्हार्कचा फॉर्म भरायला दिला होता, 16 प्रश्न, त्यावरून म्हणे कळतं की माणूस बघून शिकतो, ऐकून शिकतो, लिहून-वाचून शिकतो की हाताने करून. मला ते इतकं पटलं की आल्यावर बॅचकडून पण भरून घेतला. मुलगी निघाली वाचणारी, मुलगा हाताने करणारा. म्हटलं झालं, तिला पुस्तक द्या, ह्याला पक्कड द्या, विषय संपला.

त्या दिवशी सकाळी मुलाने पॅनल 40 मिनिटांत उभा केला. स्टार्ट दाबलं, मोटर स्टारमध्ये उठली, टायमरचा टक् आवाज, डेल्टा लागला, एकदम झकास. बाकीची पोरं अजून फेरूल शोधत होती. मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि मागून पॅनलमध्ये एक खोडी केली, डेल्टाच्या कॉइलला स्टारच्या एनसी (नॉर्मली क्लोज्ड, स्टार सुटलेला असताना जोडलेला) कॉन्टॅक्टमधून सप्लाय जातो तिथली एक वायर सैल केली. हा इंटरलॉक असतो, स्टार आणि डेल्टा एकदम लागले तर थेट शॉर्ट, भडकाच, म्हणून स्टार सुटल्याशिवाय डेल्टाला सप्लायच मिळत नाही.

तो आला, स्टार्ट दाबलं. स्टार लागला, मोटर उठली, टक्, स्टार सुटला आणि पुढं काहीच नाही. मोटर हळूहळू थांबली. मला वाटलं दोन मिनिटांत शोधेल. पठ्ठ्या दहा मिनिटं नुसता बघत उभा. मग म्हणाला, "सर, मी सगळं खोलून परत जोडू का?"

ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकं जरा ठिकाणावर आलं. त्याला सर्किट येतच नव्हतं! त्याला येत होती ती ओळ, ही वायर इथून तिथे, मग ती तिथून तिथे, जशी आपल्याला घराची वाट पाठ असते, आणि मधेच रस्ता खोदला की आपण परत चौकातून सुरुवात करतो तसं.

तेवढ्यात ती मुलगी जर्नल घेऊन शेजारी आली. डायग्रामवर बोट ठेवून मोठ्याने बोलायला लागली, डेल्टाच्या कॉइलला कुठून येतंय, टायमरच्या एनओमधून (नॉर्मली ओपन, वेळ झाली की जोडला जाणारा), मग स्टारच्या एनसीमधून, मग कॉइल. "सर, मीटर द्या ना." रबरी मॅटवर उभी राहून, मी शेजारी, तिने मीटरची एक पिन न्यूट्रलला ठेवून दुसरीने एकेक टोक चेक केलं. टायमरच्या पुढे 240, एनसीच्या अलीकडे 240, पलीकडे शून्य. सापडली सैल वायर. पाच मिनिटं पण लागली नसतील. मी मनात म्हटलं घ्या, वाचणारीने वर्कशॉपमध्ये बाजी मारली.

पण दुपारी मीच पुन्हा घोळ घातला. मुद्दाम म्हणा हवं तर. जेवण झाल्यावर सगळ्यांची जर्नलं गोळा केली, कोरे कागद दिले आणि म्हटलं कंट्रोल सर्किट काढा. तीन वेळा पुस्तक वाचलेली, तासाभरापूर्वी फॉल्ट शोधलेली ती मुलगी, तिचा कागद 20 मिनिटांनी पण जवळजवळ कोरा. स्टॉपचा एनसी, स्टार्टचा एनओ, मेन कॉन्टॅक्टर, बस्स. डोळ्यांत पाणी. "सर, मला समोर दिसलं की सगळं येतं हो." तिचं खरं होतं, समोर असलं की यायचंच. दरवेळी वाचताना ओळखीचं वाटायचं आणि ओळखीचं वाटतं म्हणजे आलं असा तिचा समज, आणि एवढं सुंदर जर्नल बघून माझाही तोच समज. तिने कधी पुस्तक मिटून बघितलंच नव्हतं, आणि मी कधी मिटायला लावलं नव्हतं.

मुलाचा कागद तर पूर्ण कोरा. त्याला खडू दिला आणि म्हटलं कागद सोड, फरशीवर काढ. तेही जमेना. मग सहज विचारलं, तुमच्या विहिरीवर मोटर कितीची? म्हणाला साडेसातची. स्टार्टर कुठला? "हँडलवाला आहे सर जुना. बाबा आधी हँडल एका बाजूला करतात, मोटर आवाज बदलते, मग झटक्यात दुसऱ्या बाजूला. मी एकदा डायरेक्ट दुसऱ्या बाजूला केलं तर फ्यूज गेला आणि मार पण खाल्ला."

मी काही बोललो नाही. तो खडू धरून फरशीकडे बघत बसला, मग पॅनलकडे बघितलं, मग परत फरशीकडे. "सर... म्हणजे पहिली बाजू स्टार?" मी मान हलवली. "आणि दुसरी डेल्टा. मग हा टायमर म्हणजे बाबांचा हात!"

14 वर्षांत टायमरची इतकी चांगली व्याख्या मला कोणी दिली नाही, पुस्तकाने पण नाही. लहानपणापासून स्टार-डेल्टा चालवणारं पोरगं आणि त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तो हाच आहे. नंतर त्याने फरशीवर एकेक कॉन्टॅक्टर काढला, प्रत्येकाला विचारत, बाबा इथं काय करतात. इंटरलॉकला आला तेव्हा स्वतःच म्हणाला, हँडल एकाच वेळी दोन्हीकडे जात नाही म्हणून हा एनसी. फरशी पुसायला शिपाईमामांनी मला दोन शिव्या घातल्या, चालायचंच.

मग त्याचे 25 पैकी 6 कशामुळे, ते पण त्याच दिवशी कळलं. प्रश्नसंच काढून म्हटलं वाच. एकेक अक्षर लावून वाचत होता. "कुंडलन" म्हणजे काय विचारलं तर गप्प. वाइंडिंग म्हटल्यावर, "अस्सं होय!" प्रतिरोध, विद्युत दाब, भूसंपर्कन, हे शब्द त्याने वर्कशॉपमध्ये कधी ऐकलेच नव्हते, कारण आम्ही रेझिस्टन्स, व्होल्टेज, अर्थिंगच म्हणतो, मीही. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर, ऑप्शनवाला, पण प्रश्न तर वाचावाच लागतो ना. फॉर्मच्या हिशोबाने तो "हाताने शिकणारा" होता, म्हणून त्याला वाचायला कोणी लावलंच नाही, त्यात मीही आलो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

त्या रात्री झोप आली नाही, मोबाईलवर शोधत बसलो. 2008 मध्ये पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी या लर्निंग स्टाइलवरचं संशोधन तपासलं होतं, माणसाच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो याला नीट पुरावाच त्यांना सापडला नाही. आवडनिवड असते, ते वेगळं. आणि 2006 चा रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग वाचताना मला सारखी ती मुलगी दिसत होती. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून बाकी वेळ न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. व्हार्कच्या फॉर्मचा गठ्ठा अजून कपाटात आहे, मागच्या बाजूला पोरं रफ काम करतात.

पुढे फार काही जादू झाली नाही. मुलाला बहिणीने रोज 20 प्रश्न मोबाईलवर रेकॉर्ड करून दिले, एसटीत ऐकायचा आणि तेच प्रश्न घरी पुस्तकातून वाचायचा, कानाने ऐकलेलं डोळ्याला ओळखीचं झालं म्हणून वाचायचा स्पीड वाढला. पुस्तकी शब्द आणि वर्कशॉपचे शब्द अशा दोन रांगा करून मी भिंतीवर चार्ट लावला, तो मात्र सगळ्यांनाच उपयोगी पडला. थिअरीत तो काठावर पास झाला, काठावरच. मुलीला सांगितलं की जर्नल सुंदर आहे, आता दोन दिवसांनी मागच्या पानावर न बघता काढायचं आणि चुकेल तिथे लाल पेन. पहिले पंधरा दिवस तिला ते अजिबात आवडलं नाही, एकदा तर रडून घरी गेली.

महिन्याने जर्नल तपासायला आलं. पुढची पानं नेहमीसारखीच स्केलने मारलेली. मागच्या पानावर वेड्यावाकड्या रेषा, खाडाखोड, लाल पेनाने भरलेलं पान. ती टेबलाजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "सर, मागचं पान खूप घाण झालंय. मार्क कापाल का?"

मी सही मागच्या पानावर केली.