पियानो आधी बोलला
काल आईला घेऊन मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात गेले. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया; पियानोवादक आणि कंडक्टर दोघंही पाहुणे. बीथोवनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. त्या काळी सुरुवात ऑर्केस्ट्राने करायची रीत, इथे मात्र पियानोच हळूच बोलतो. कंडक्टर हात खाली सोडून नुसता उभा!

१८०८ साली व्हिएन्नात बीथोवनने हा स्वतः वाजवला, कडाक्याच्या थंडीत, चार तासांच्या कार्यक्रमात. आम्ही एसीतच शाल शोधत होतो.

पहिला भाग संपला आणि आईने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. मध्ये वाजवायच्या नसतात हे सांगायला मी विसरले होते. पियानोवाल्याने हसून मान तुकवली.

दुसऱ्या भागात तंतुवाद्यं दरडावतात, पियानो खालच्या आवाजात समजूत काढतो. आई कुजबुजली, "आमचंच भांडण की गं हे." यात बाबा कोण, ते विचारलं नाही.