झाकायचेच होते, तर रंगवले कशाला?

माझ्या चित्रांत एका थरावर दुसरा थर चढतो आणि खालचे झाकले जाते; त्यावरचा हा प्रश्न तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. एरवी प्रदर्शनात हा प्रश्न आला की मी हसून वेळ मारून नेतो.

खालचे काही दिसत नाही, हे मुळात खरे नाही. चिकटवलेल्या कागदाची कड वर रंगाचे चार हात दिले तरी बाजूने उजेड पडताच उठून दिसते, आणि गेरूवर दिलेला पातळ निळा पांढऱ्यावरच्या निळ्यासारखा कधीच उमटत नाही. शिवाय तैलरंगावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, उलट ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. म्हणजे खाली काय घातले त्यावर पुढचे पुष्कळसे ठरते. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, रंग चढवत आणि काढतही. अमेरिकी चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड कागदांचे थर चिकटवतात आणि मग यंत्राने घासतात. त्यांना कोणी ‘मग चिकटवले कशाला’ असे विचारत असेल, असे वाटत नाही.

पण माझी चीड या प्रश्नाची नाही, एका संध्याकाळची आहे. एका समूह प्रदर्शनासाठी आयोजकांनी काम चालू असतानाची छायाचित्रे मागितली आणि मी ती दिली. त्यांतले एक त्यांनी मोठे छापून चित्राशेजारीच लावले. त्यात कोळशाने काढलेली, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली एक बाई होती; चित्रात तिच्यावर टिश्यू कागद, राखाडी रंग आणि पॉलिश पेपरने घासून काढलेला तांबूस थर होता. उद्घाटनाला आलेले लोक छायाचित्रासमोर थांबत आणि मग चित्रात तिला शोधत. एका गृहस्थांनी तर कॅनव्हासला जवळजवळ बोट टेकवून तिचा खांदा सोबतच्यांना दाखवला. ज्या तांबूस रंगासाठी मी सर्वांत जास्त झटलो होतो, तो त्यांच्या लेखी मधला अडथळा होता. एक बाई मला म्हणाल्या, ‘चांगली होती हो, घालवलीत.’ ते रेखाटन कच्चेच होते, असे मी त्यांना सांगितले. ते खोटे होते. तितकी चांगली मानवाकृती माझ्या हातून आधी कधी उतरली नव्हती.

हे चित्र स्मृतीविषयी आहे, असे तेव्हा मीच शेजारच्या टिपणात लिहिले होते. असे लिहिणाऱ्या त्या माणसाला आज विचारावेसे वाटते, की मग लोकांनी खणू नये तर काय करावे? तो म्हणेल, त्या खांद्याच्या उतारावरच तर वरची सगळी रचना बसली आहे. मलाही तसेच वाटते; मात्र तो उतार तिच्यावाचून सापडलाच नसता, हे मला सिद्ध करता येत नाही.

हल्ली कोणी टप्प्यांची छायाचित्रे मागितली तर ती नाहीत असे सांगतो. ती आहेत, आणि काम अडले की मीच ती उघडून बसतो.