दुमडलेले कोपरे

जुन्या बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे सिगारेट किंवा च्युइंगमच्या पाकिटातून निघणाऱ्या खेळाडूंच्या छापील चित्रांच्या, बाजारात सगळ्यात महाग कार्ड कुठलं, तर ज्याला कुणी हात लावलेला नाही ते. चारी कोपरे टोकदार, कडा स्वच्छ, चित्र बरोब्बर मधोमध, पाठीवर एक डाग नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कुठल्या तरी पोराने पाकीट फोडलं, कार्ड नीट पाहून घेतलं आणि तसंच कपाटात ठेवून दिलं. असलं पोर मला जरा संशयास्पदच वाटतं.

माझ्याकडची कार्डं बरोबर याच्या उलट. इकडे न्यू जर्सीत शनिवार-रविवारी कुठे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, कुठे चर्चच्या तळघरात ‘कार्ड शो’ भरतात. लांबलचक टेबलं, त्यांवर काचेच्या पेट्यांत कुलूपबंद महागाचा माल, आणि टेबलाखाली बुटांच्या खोक्यांत ‘कॉमन’. कॉमन म्हणजे ज्याचं नाव आता कुणी घेत नाही असा खेळाडू. त्यातही घडी पडलेला, कोपरे गेलेला. डॉलरला एक, घासाघीस केली की डॉलरला दोन. काचेच्या पेटीशी गर्दी असते. मी खाली, गुडघे टेकून खोकी उपसत असतो.

बेसबॉल मला कळतो तो कामापुरता. पण या छंदाला खेळ कळावा लागतोच असं नाही, आणि याला पुरावा आहे. या छंदाचे आद्य पुरुष म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक. कारखान्यात नोकरी, संधिवाताने आखडत चाललेले हात, बायको-मुलं नाहीत आणि बेसबॉलची म्हणे खास गोडीही नाही. त्यांना गोडी होती ती छापील कागदाची. सिगारेटच्या पाकिटातली, च्युइंगममधली, जाहिरातीची, जी सापडतील ती कार्डं त्यांनी जमवली आणि प्रत्येक संचाला क्रमांक दिला. आज करोडोंच्या लिलावात जो ‘टी-२०६’ पुकारला जातो, तो त्यांनी दिलेला नंबर. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. पुढे सगळा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. ३ लाखांहून जास्त कागद, त्यांत बेसबॉलची कार्डं ३० हजारांच्या वर. नुसते देऊन थांबले नाहीत, वर्षानुवर्षं म्युझियममध्ये बसून ते स्वतः वह्यांत लावत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये ते गेले.

गंमत पुढेच आहे. ती कार्डं त्यांनी वह्यांत चिकटवली. डिंकाने! आजचा एखादा व्यापारी ते पाहून छाती धरून खाली बसेल. पाठीला डिंक लागला की कार्डाची किंमत संपली, असा आजचा कायदा.

आणि ज्याला निष्कलंक म्हणून डोक्यावर घेतलं, त्याची काय कथा? टी-२०६ मधला होनस वॅग्नर. पिट्सबर्गचा मोठा खेळाडू. हा संच अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून वाटला. दीड इंच रुंद, अडीच इंचाहून जरासं उंच एवढंसं कार्ड, नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग पाडलेला गंभीर चेहरा. वॅग्नरने हरकत घेतली म्हणून त्याचं कार्ड लवकरच थांबवलं. पोरांनी आपल्यापायी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून, असं काही जण सांगतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं बाकीचे. स्वतः तो तंबाखू चघळायचा, तेव्हा ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. आज ही कार्डं जगात साठेक उरली आहेत. त्यांतलं सगळ्यात सुंदर १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने एका भागीदारासोबत साडेचार लाख डॉलरला घेतलं. कार्डांना एक ते दहा गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणारी पीएसए कंपनी त्याच वर्षी निघाली, आणि तिने तपासलेलं पहिलं कार्ड हेच. गुण मिळाले आठ. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. म्हणजे शंभर वर्षं टिकलेले ते धारदार कोपरे कटरने आणलेले! आणि बर्डिकची डिंक लावलेली कार्डं म्युझियमच्या वह्यांत मजेत आहेत.

किमती अशा का चढल्या, याचं इथल्या म्हाताऱ्यांकडे एकच उत्तर असतं: ‘आईने फेकून दिली.’ शोमध्ये साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा. तो कॉलेजला गेला, आईने खोली आवरली, खोकं कचऱ्यात. आमचे काडेपेटीचे छाप आणि बबलगममधले क्रिकेटपटू रद्दीवाल्याकडे गेले, त्यातलाच प्रकार. त्या आयांनी घरं आवरली नसती तर आजचे कितीतरी लक्षाधीश साधे कारकून राहिले असते. च्युइंगमसोबत कार्डं विकणाऱ्या खुद्द टॉप्स कंपनीनेही हातभार लावला. १९५२ च्या संचाची शेवटची खेप हंगाम सरता सरता आली, दुकानदारांनी घेतली नाही, गोदामात पडून राहिली. शेवटी १९६० मध्ये ती बार्जवर लादून आपण न्यू जर्सीजवळ अटलांटिकमध्ये बुडवली, असं ती कार्डं घडवणारे साय बर्जर स्वतः सांगायचे. त्याच खेपेतलं ३११ नंबरचं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. जुन्या कार्डांच्या चढत्या किमती ऐकून त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, लोक शहाणे झाले होते. खोकीच्या खोकी विकत घेतली, प्लॅस्टिकमध्ये जपली, पोरांना हात लावू दिला नाही. कंपन्यांनीही मग हात सैल सोडून छापली. कुणी फेकलंच नाही, त्यामुळे १९८९ ची कार्डं आजही गॅरेजागॅरेजांत रचलेली आहेत आणि त्यांच्यावर साठवणीच्या डब्यांचाही खर्च निघत नाही.

माझ्याकडे १९५० च्या दशकातलं एक कॉमन आहे. पुढच्या बाजूला संघाचं नाव निळ्या पेनने खोडून वर दुसरं लिहिलंय. खेळाडूची मध्येच बदली झाली असणार. पाठ खरखरीत करड्या पुठ्ठ्याची, च्युइंगमच्या वडीचा चौकोनी डाग अजून दिसतो. समासात पेन्सिलीने भागाकार मांडलाय. आई इथे राहायला आली होती तेव्हा तिने ते हातात घेतलं.

“हा कोण रे?”

“बेसबॉलचा होता एक.”

“मोठा होता?”

“नाही गं. साधाच.”

“मग पैसे देऊन कशाला आणलास?”

मी सांगितलं की पाठीमागे गेल्या वर्षापर्यंतची सरासरी, म्हणजे हिट्स भागिले संधी, छापलेली असते. या पोराने चालू हंगामातली स्वतः काढायला घेतली. हिट्स ४१, संधी १५८. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या आईने चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत भाग घातला आणि म्हणाली, “चुकलंय. पॉइंट दोनशे एकोणसाठ हवेत, याने दोनशे एकोणसत्तर केलेत. हातचा नीट घेतला नाही.” मग थोडं थांबून, “का लाडका होता म्हणून वाढवून दिलेत?” बाजारात या पेन्सिलीपायी कार्डाची किंमत शून्य. मला ते पन्नास सेंटला मिळालं.

अधूनमधून कंपनीच्या चुकाही हाती लागतात आणि त्या मात्र मी सोडत नाही. १९५७ च्या संचात हँक एरनचं चित्र उलटं छापलं गेलं, त्यामुळे बिचारा डावखुरा झाला. १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर फोटोच दुसऱ्याचा: बॅटी उचलायला ठेवलेला पोऱ्या, लेनर्ड गार्सिया. चेहरा गोड आहे, ऐटीत उभा आहे. पण माझा जीव अडकलाय तो १९५९ च्या ल्यू बर्डेटमध्ये. उजव्या हाताचा हा पिचर फोटोवाल्याची फिरकी घ्यायला डावखुऱ्याचा ग्लव्ह घालून, डाव्या हाताने चेंडू टाकायच्या पवित्र्यात उभा राहिला. टॉप्सने तसंच छापलं, वर नावही चुकवलं.

गेल्या शोमध्ये एका आजोबांच्या खोक्यात तो दिसला. डावा कोपरा दुमडलेला, मध्ये बारीक घडी. पाच डॉलर म्हणाले. तीन म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता कार्ड परत खोक्यात सरकवलं, पण अगदी पुढे, सहज दिसेल असं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा येणार आहेत. साडेतीनला देतील.