पोचलो

परवा नवरा मित्राच्या नातवाच्या बारशाला डोंबिवलीला जाऊन आला. मला ऑफिसमुळे जमलं नाही. तिथून मेसेज आला, ‘पोचलो.’ नंतर दुसरा, ‘निघालो.’ रात्री दार उघडताच मी विचारलं, “कसं झालं?”

“छान.”

“जेवायला काय होतं?”

“नेहमीचंच.”

“आणि नाव काय ठेवलं?”

बूट काढता काढता तो थांबला. “अगं, ते गडबडीत ऐकायचं राहिलं.”

बारशाला जाऊन नाव न ऐकता परतणारा माणूस! पेढे मात्र आठवणीने आणले होते.

‘बायका फार बोलतात’ हे त्याचं लाडकं वाक्य. २००७ साली संशोधकांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या विद्यार्थ्यांजवळ छोटे रेकॉर्डर देऊन त्यांच्या शब्दांचा हिशेब मांडला, तर मुलगे काय नि मुली काय, दिवसाकाठी १६ हजारांच्या आसपास! हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हं.”

एक झाला. उरलेले १५,९९९ कुठे खर्च होतात कोण जाणे.

ऑफिसात मात्र मीच शब्द जपून वापरते, तेही गुंडाळून. ‘मला वाटतं, आपण असं केलं तर चालेल का?’ त्यावर कुणी काही बोलत नाही. पाच मिनिटांनी शेजारचा पोरगा तेच ‘असंच करू या’ म्हणून ठोकून देतो आणि साहेब माना डोलावतात. गेल्या बुधवारी हेच झालं. घरी येऊन मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं. कोण कुठे बसलं होतं, माझा चहा कसा गार झाला. मला उपाय नको होता, नुसतं एक ‘हो का!’ पुरलं असतं. पेपराआडून आवाज आला, “मग सरळ सांगायचं ना.” खलास.

शनिवारी ठाण्यात राम मारुती रोडवर खरेदी करून तलावपाळीला वळले. कट्ट्यावर नवरा आणि त्याचे तीन मित्र, पाठमोरे, हातात शेंगदाण्याच्या पुड्या. नवरा भलताच रंगात आलेला. “अरे, आयडिया हिची! त्या पोराने शब्दसुद्धा बदलला नाही. आणि साहेब म्हणतो, वा! हिचा चहा समोर गार होतोय, पण ही गप्प!”

“हो का!” एक मित्र.

“मग?” दुसरा.

माझ्या वाटणीचे सगळे ‘हो का’ इथे मासुंदा तलावाच्या काठी फुकट वाटले जात होते.

“मंगळवारची गोष्ट ही,” नवरा पुढे सांगू लागला.

“बुधवारची,” मी मागून म्हटलं.