सड्यावर झाड का नाही?

गगनबावड्याला जाणारी बहुतेक मंडळी धुकं, धबधबा, भाजलेलं कणीस आणि एखादं रील एवढ्यावर खूश असतात, झाडांकडं बघणारा विरळाच. खरं तर करूळ घाटानं कोकणातून वर येताना गाडीच्या खिडकीतूनच जंगल बदललेलं कळतं, खाली ऐन, किंजळ, नाना असली उंच, उन्हाळ्यात पानं टाकणारी झाडं आणि वर धुक्यात पोचलं की अंजन, जांभूळ, पिसा, वाऱ्यामुळं बुटकी राहिलेली. अंजन तर उन्हाळ्यात बघाच, निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीलाच चिकटलेले असतात.

आणि मग एकदम सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, झाडाचा पत्ता नाही. हिमालयात वर जाईल तशी झाडं संपतात ते समजू शकतं, साडेतीन-चार हजार मीटरच्या आसपास भोजपत्र शेवटचं, त्याच्यावर थंडीच एवढी की नुसतं गवत नि फुलं. पण आपल्याकडं कुठली आलीय एवढी उंची, अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते पण १६४६ मीटर! इथं झाडाला अडवलंय जांभ्यानं. माती बोटभर, ती पण खळग्यात साठलेली, पावसाळाभर पाणी तुंबलेलं आणि मार्चमध्ये त्याच दगडावर चप्पल काढून उभारता येत नाही.

त्यामुळं इथं ज्याला जगायचंय त्यानं पावसात उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं आणि बी टाकून मोकळं व्हायचं. गेंद, सोनकी, तेरडा, सगळ्यांची हीच घाई. त्यातलं दवबिंदू नावाचं इवलं रोप बघायचं तर गुडघे टेकायला लागतात, लालसर पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यात एखादं चिलट अडकलेलं. जांभ्यात नायट्रोजन मिळत नाही म्हणून हे किडे खातं. शेजारच्या ओल्यात निळी सीतेची आसवं दिसतात ती पण मांसाहारीच, फक्त तिचे सापळे चिखलात, बारीक पिशव्यांचे, वरनं काहीच कळत नाही.

आता एवढं सगळं असून लोकांच्या लेखी सडा म्हणजे पडीक जमीन, झाड नाही म्हणजे काहीच नाही. शाहूवाडी-राधानगरीकडं बॉक्साइटसाठी सडे खरवडले ते वेगळंच, पण हौसेनं खड्डे मारून वृक्षारोपण करणारे पण काही कमी नाहीत, अरे बाबा जिथं झाड आपणहून आलं नाही तिथं कशाला लावताय, खाली घाटात लावा की. आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलांच्या दिवसात गाडी आत घालणाऱ्यांबद्दल तर मी इथं लिहीत नाही, घरचे पण वाचतात हे.