बायको पुस्तकात, नवरा वहीत

मी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. 'आमच्या गावाचा इतिहास मिळेल का?' असं विचारत येणारे बहुतेकजण कोकणातले असतात. ग्रामस्थ मंडळाला पन्नास किंवा पंच्याहत्तर वर्षं होत असतात, स्मरणिका काढायची असते आणि पहिल्या पानावर गावाची माहिती हवी असते. मे महिन्यात आलेले काका त्यांच्यातलेच. गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, चार-पाच वाड्यांचं. काका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, १९८२च्या संपापर्यंत.

आधी १८८०चं रत्नागिरीचं गॅझेटिअर काढलं, कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं. त्यात बंदरं, किल्ले, मोठी देवस्थानं आहेत. काकांचं गाव नाही. लढाई झालेली नाही, कुणी नामांकित माणूस जन्मलेला नाही, अशा गावाला तिथं जागा मिळत नाही. त्याचा इतिहास शोधायचा तो शेतसाऱ्याच्या आणि शिरगणतीच्या कागदांत, आणि माझ्या मते तोही तितकाच खरा इतिहास आहे.

म्हणून मग १९६१ची जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्यात एका गावाला एकच ओळ: क्षेत्रफळ, घरं, कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, साक्षर, कामधंदा. काकांनी बोट फिरवत गाव शोधलं, पुरुषांच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, ह्ये चुकलंय. एवढेच बापये? आमच्या एका वाडीत ह्यापेक्षा जास्त होते."

आकडा बायकांच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता, पण चुकीचा नव्हता. त्या वर्षीची मोजणी १० ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ मार्चचा सूर्योदय हा हिशेबाचा क्षण धरला होता. माणूस जिथं राहतो तिथं मोजायचा, हा नियम. काकांचे वडील आणि दोन्ही चुलते तेव्हा मुंबईत गिरणीत. ते बृहन्मुंबईच्या लाखांमध्ये मिळून गेले. गावच्या ओळीत आई, आजी आणि पोरं राहिली.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग पिशवीतून कापडी पुठ्ठ्याची वही काढली. मंडळाच्या खोलीची वर्गणीवही. लालबागच्या चाळीतली ही खोली. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले तिथंच आडवे व्हायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत. वहीत नाव, वाडी, गिरणी आणि दरमहा दिलेले पैसे. १९६१चं पान शाबूत होतं.

पुढचे दोन तास मी दुसरं काम केलं नाही. मी नाव वाचायचे, काका त्याचं घर सांगायचे. "हा विहिरीजवळचा. ह्याची बायको आणि तीन पोरं गावी." बायको पुस्तकात, नवरा वहीत. घरामागून घर असंच निघालं. सरकारी पुस्तक आणि मंडळाची वही शेजारी ठेवल्यावर ते गाव पुरं झालं. इतकी वर्षं मी ही पुस्तकं लोकांना काढून देते आहे. त्या ओळीमागची अर्धी माणसं माझ्या कामाच्या जागेपासून दोन-तीन मैलांवर झोपत होती, हे असं समोर कधी आलं नव्हतं.

गाव का सोडलं, हे काकांनी एका शब्दात सांगितलं: खोती. सरकारसाठी शेतसारा वसूल करणारा खोत कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा आणि आजोबांच्या हातात फार थोडा भाग उरायचा. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबई विधानसभेत मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर मुंबईची वाट मळून गेली होती.

शेवटी २०११चे आकडे पाहिले. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. एक गोष्ट मी काकांना मुद्दाम दाखवली. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. म्हणजे गावही रिकामं होत होतं आणि गावाची माणसं जिथं येऊन राहिली तो गिरणगावाचा जिल्हाही. ठाणे जिल्हा मात्र त्या साली देशात सगळ्यात मोठा होता, एक कोटी दहा लाखांवर.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आमची पोरं नालासोपाऱ्याला, दिव्याला, बदलापूरला. खोलीवर आता मीटिंगपुरते जमतो."

स्मरणिकेच्या पहिल्या पानाचा आराखडा आम्ही तिथंच केला. डावीकडे १९६१ची जनगणनेची ओळ, उजवीकडे वहीतली त्या वर्षाची सगळी नावं, वाडीवार. आजच्या यादीचं काय, हे ठरेना. जनगणनेत ही पोरं ठाणे-पालघरमध्ये धरली जाणार, आणि वर्गणी थकल्यामुळे वहीतही त्यांची नावं नाहीत. काकांनी पानांच्या झेरॉक्स घेतल्या, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तिसरा रकाना करायचा, ताई. रविवारी नालासोपाऱ्यापासून सुरुवात करतो."